आकाशांतील विमान आणि हातांतील वार्ता

ज्या गांवीं विमान उतरत नाहीं त्या गांवच्या माणसानें विमानांविषयीं काय बोलावें, असें कोणी विचारलें तर त्याला दोष देतां येणार नाहीं. गारगोटी हें वेदगंगेच्या खोऱ्यांतील, भुदरगड तालुक्याचें ठाणें. कोल्हापूर येथून सुमारें पन्नास किलोमीटर. त्या शहराजवळ उजळाईवाडीच्या माळावर छत्रपति राजाराम महाराजांच्या कारकीर्दींत, १९३९ सालीं, विमानतळ सुरू झाला, ही आमच्या जिल्ह्याला भूषणावह गोष्ट आहे. तथापि आमच्या वाट्यास विमान येतें तें बहुधा डोक्यावरून. पावसाळा सरून आकाश निवळलें म्हणजे रात्रीं अंगणांत बसलेल्या माणसाला एक लुकलुकणारा दिवा संथपणें दक्षिणेकडे सरकतांना दिसतो. "हें विमान कोठें चाललें?" असें मुलानें विचारावें आणि "मुंबईला," असें वडिलांनीं ठोकून द्यावें, मग त्याची दिशा कोणतीहि असो, हा पुष्कळ घरांतील जुना परिपाठ. आतां तो मोडला आहे. मूल मोबाईल हातीं घेतें, नकाशा उघडतें, आणि विमानाचें नांव, उंची, वेग, निघण्याचें ठिकाण व पोंचण्याचें ठिकाण घडाघड वाचून दाखवितें. वडिलांच्या सर्वज्ञतेचा एक प्रांत अशा रीतीनें खालसा झाला, आणि तो झाला हें बरेंच झालें.

आज मी आपल्याशीं बोलणार आहें तें या नवलाविषयीं, आणि त्याच हातांतील कांचेवर उमटणाऱ्या दुसऱ्या एका नवलाविषयीं. पहिलें नवल पडताळून पाहतां येतें. दुसरें पडताळून पाहूं गेल्यास हातीं लागत नाहीं. परंतु पहिल्यापेक्षां दुसरेंच अधिक घरांत पोंचलें आहे. असें कां व्हावें, आणि त्यानें आपलें काय बिघडतें, एवढाच आजचा विषय आहे.

प्रथम पहिलें नवल. आकाशांतून जाणारें विमान आपलें स्थान उपग्रहांच्या साह्यानें स्वतः ओळखतें आणि तें स्वतःच जाहीर करतें. त्याच्या पोटांत एक लहानसें प्रक्षेपक यंत्र असतें. तें आपलें स्थान सेकंदाला साधारणतः दोन वेळां रेडिओच्या लहरींवर सांगत जातें. उंची, वेग, दिशा व ओळख-क्रमांक हींहि तेंच कळवितें. ही हांक १०९० मेगाहर्ट्झ या ठरीव कंपनसंख्येवर दिली जाते, आणि ती गुप्त लिपींत नसते. ज्याच्यापाशीं ऐकण्याचें साधन असेल त्यानें खुशाल ऐकावें. विमान दहा-अकरा किलोमीटर उंचीवर असलें म्हणजे सुमारें चारशें किलोमीटरपर्यंतचा मुलूख त्याच्या दृष्टीच्या रेषेंत येतो. तेवढ्या अंतरावरील एखाद्या हौशी माणसाच्या गच्चीवरचा लहानसा ॲंटेना ती हांक झेलूं शकतो. जगभर असे हजारों हौशी लोक आहेत. ते आपापल्या यंत्राला ऐकूं आलेलें इंटरनेटवरून एका ठिकाणीं पाठवितात आणि त्यांतून सगळ्या जगाचा चालता नकाशा तयार होतो. स्वीडन देशांतील दोघां विमानवेड्यांनीं २००६ सालीं आरंभिलेला 'फ्लाइटरडार-२४' हा उपक्रम याच जातीचा.

या नकाशाची खरी थोरवी त्याच्या चमत्कारांत नाहीं, त्याच्या पडताळ्यांत आहे. एकाच विमानाची हांक अनेक गांवच्या अनेक यंत्रांना ऐकूं जाते. एकानें खोटें लिहिलें तर शेजारच्या यंत्राची नोंद त्याला उघडें पाडते. इतकेंच नव्हे, तर जें विमान आपलें स्थान सांगत नाहीं, परंतु ज्याच्या इतर सूचना ऐकूं येतात, त्याचें स्थानहि चार किंवा अधिक ठिकाणीं ती सूचना किती अल्प अंतरानें पोंचली याच्या गणितावरून काढतां येतें. आणि शेवटचा साक्षीदार म्हणजे आपण स्वतः: नकाशावर विमान डोक्यावर आलें असें दिसलें कीं मान वर करावी, दिवा दिसतो कीं नाहीं तें आपल्याच डोळ्यांनीं पहावें. कोणाच्या मोठेपणावर विश्वास ठेवावा लागत नाहीं, कोणाची आण घ्यावी लागत नाहीं. ज्ञान सर्वांच्या हातीं आलें म्हणजे तें असें येतें.

आतां दुसरें नवल. वर्षांतून एक-दोनदां तरी, विशेषतः राष्ट्रीय सणांच्या आसपास, आपल्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲपवरील ग्रुपांत एक मजकूर येऊन पडतो. त्याचा आशय असा: राइट बंधूंच्या आठ वर्षें आधीं, १८९५ सालीं, मुंबईच्या चौपाटीवर शिवकर बापूजी तळपदे या मराठी माणसानें 'मरुत्सखा' नांवाचें विमान उडविलें. त्यांत माणूस नव्हता. तें १५०० फुटांपर्यंत चढलें आणि मग खालीं कोसळलें. कांहीं मजकुरांत न्यायमूर्ति रानडे आणि बडोद्याचे महाराज सयाजीराव हे तें पहावयास हजर असतात. कांहींत 'केसरी'नें त्याचें वृत्त दिलेलें असतें. कांहींत परक्या सरकारनें तें ज्ञान दडपून टाकलेलें असतें किंवा परदेशीं विकलें गेलेलें असतें. शेवटीं बहुधा एक आज्ञा असते, कीं प्रत्येक अभिमानी माणसानें हें पुढें धाडावें.

ही कथा वाचून मराठी माणसाची छाती फुगते, यांत नवल नाहीं. पारतंत्र्याच्या काळांत आपल्यांतला एक जण, राजाश्रय नसतांना, कारखाना नसतांना, समुद्राच्या वाळूंत उभा राहून आकाशाला हात घालतो, हें चित्र कोणाला आवडणार नाहीं? शिवाय तळपदे हे कल्पित पुरुष नव्हते. त्यांचा जन्म १८६४ मधला. मुंबईच्या पाठारे प्रभु समाजांतील हे गृहस्थ संस्कृताचे व्यासंगी होते. वेदांतून विमानविद्येचा मागोवा घेण्याचा त्यांना ध्यास होता आणि त्या ध्यासापायीं त्यांनीं प्रयोग आरंभिले. माणूस खरा, त्याची तळमळ खरी. प्रश्न आहे तो फक्त उड्डाणाचा. आणि हा प्रश्न विचारल्यानें तळपद्यांचा अपमान होत नाहीं. ज्याच्या कार्याची चौकशी करण्याइतकीहि आस्था आपल्याला वाटत नाहीं, त्याचाच आपण खरोखर अनादर करतों.

अशा कथेस चार साधे प्रश्न विचारावे, असें मी सुचवितों. त्यांस पदवी लागत नाहीं. आठवीच्या वर्गांतील मुलासहि ते विचारतां येतात.

पहिला प्रश्न: त्या वेळीं कोणी लिहून ठेविलें? मागाहून कोणी सांगितलें, हें निराळें. १८९५ सालीं मुंबईंत मराठी, गुजराती व इंग्रजी वृत्तपत्रें नियमानें निघत होतीं, छायाचित्रकारांचीं दुकानें होतीं, आणि चौपाटी म्हणजे कांहीं निर्जन अरण्य नव्हतें. भर शहरांत एखादें यंत्र १५०० फूट वर गेलें असतें तर त्या आठवड्याच्या अंकांत त्याची तारीखवार हकीकत, दोनचार साक्षीदारांचीं नांवें, निदान कोणाची थट्टा तरी सांपडावयास हवी. उड्डाण झालें असें सिद्ध मानतां येईल असें एकहि समकालीन वृत्त, छायाचित्र किंवा यंत्राचा आराखडा आजवर पुढें आलेला नाहीं. 'केसरी'चें नांव घेतलें जातें. अंकाची तारीख व उतारा मात्र त्या मजकुरासोबत येत नाहीं.

यावर कोणी म्हणेल, कीं जुन्या काळीं कोण नोंदी ठेवी? म्हणून त्याच काळांतील दोन उदाहरणें देतों. १८९६ सालच्या ६ मे रोजीं, म्हणजे चौपाटीच्या कथेनंतर एका वर्षाच्या आंतबाहेर, अमेरिकेंत पोटोमॅक नदीवर सॅम्युएल लँग्ली यांचें वाफेवर चालणारें विमान सुमारें ३३०० फूट अंतर उडून गेलें. त्यांतहि माणूस नव्हता. तें पहावयास टेलिफोनचे संशोधक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल हजर होते आणि त्यांनीं घेतलेलें छायाचित्र आज उपलब्ध आहे. याच लँग्लींनीं पुढें माणूस वाहून नेणारें विमान बांधलें. तें १९०३ च्या ऑक्टोबरांत व पुन्हां डिसेंबरांत नदींत कोसळलें. त्यांच्या यशाची नोंद आहे तशी अपयशाचीहि आहे.

दुसरें उदाहरण राइट बंधूंचें. १९०३ सालच्या १७ डिसेंबर रोजीं त्यांचें पहिलें उड्डाण १२ सेकंद टिकलें आणि १२० फूट अंतर काटलें गेलें. त्या दिवशींचें चौथें उड्डाण ५९ सेकंदांचें व ८५२ फुटांचें. पहिल्या उड्डाणाचें छायाचित्र समुद्रकिनाऱ्यावरील जीवरक्षक पथकांतील जॉन डॅनिएल्स यानें घेतलें. बंधूंनीं त्याच दिवशीं वडिलांना तार केली. त्या तारेंत, पाठविण्याच्या गडबडींत, ५९ सेकंदांचे ५७ सेकंद झाले. पहा, श्रोतेहो, शंभर वर्षांपूर्वीच्या तारेंतील दोन सेकंदांची चूकसुद्धां आज आपल्याला ठाऊक आहे. कारण तारहि जपली गेली आणि रोजनिशीहि जपली गेली. खरी गोष्ट आपल्या मागें कागद सोडून जाते, आणि ते कागद एकमेकांना तपासतात.

दुसरा प्रश्न: कथा स्वतःशीं तरी जुळते काय? एका मजकुरांत विमान निर्मनुष्य असतें, दुसऱ्यांत तळपदे स्वतः त्यांत बसलेले असतात. एका ठिकाणीं तें कांहीं क्षण उडतें, तर दुसऱ्या ठिकाणीं अठरा मिनिटें. पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर यांच्या लिखाणाचा हवाला दिला जातो, त्यांत कांहीं मिनिटें असा उल्लेख सांगतात. साक्षीदार कधीं दोन, कधीं हजारों. तपशील वर्षागणिक घटत गेले तर समजावें, कीं स्मृति क्षीण होत आहे. परंतु ते वर्षागणिक वाढत गेले, तर समजावें, कीं येथें स्मृतीपेक्षां कल्पनाच अधिक राबत आहे.

तिसरा प्रश्न: सृष्टीच्या नियमांत तें बसतें काय? मजकुरांत म्हटलेलें असतें, कीं मरुत्सखा पाऱ्याच्या शक्तीवर चालत असे; आणि पुढें आधुनिक पांडित्याची फोडणी म्हणून असेंहि जोडलेलें असतें, कीं अमेरिकेचे अंतराळशास्त्रज्ञ आज तेंच करीत आहेत. यांत खऱ्याचा एक कण आहे, म्हणूनच तो धोक्याचा. १९६४ व १९७० सालीं अमेरिकेनें पाऱ्याच्या वाफेचे विद्युत्भारित कण मागें फेंकून पुढें सरकणारीं इंजिनें अंतराळांत खरोखरच चालवून पाहिलीं. परंतु १९७० च्या त्या इंजिनाचा रेटा किती होता? सुमारें तीन ग्रॅम वजनाएवढा, म्हणजे तळहातावर ठेविलेल्या चार-पांच शेंगदाण्यांच्या भाराएवढा. अंतराळाच्या निर्वात पोकळींत, जेथें हवेचा अडथळा नाहीं, तेथें तो महिनोन्महिने दिला असतां उपयोगी पडतो. चौपाटीच्या वाळूवरून एखादें अवजड यंत्र उचलावयास तो काय कामाचा? पारा पाण्याच्या साडेतेरा पटींहून जड, ३५७ अंशांना उकळणारा, आणि त्याची वाफ विषारी. विमान हलकें हवें या पहिल्याच अटीशीं त्याचें वैर आहे.

चौथा प्रश्न: तें पुन्हां करून पाहतां येतें काय? हा प्रश्न आपल्याच देशांतील विद्वानांनीं एकदां नेटानें विचारला आहे, आणि त्याची हकीकत या मजकुरांबरोबर फिरावयास हवी होती. या सगळ्या कथेचा ग्रंथाधार म्हणून 'वैमानिक शास्त्र' या पुस्तकाचें नांव सांगतात. तें भरद्वाज ऋषींचें म्हणून प्रसिद्ध झालें. प्रत्यक्षांत पंडित सुब्बराय शास्त्री यांनीं तें १९१८ ते १९२३ या काळांत सांगून लिहविलें. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंतील मुकुंद, देशपांडे, नागेंद्र, प्रभु व गोविंदराजू या पांच अभ्यासकांनीं १९७४ सालीं त्याचें परीक्षण केलें. त्यांनीं टिंगल केली नाहीं. त्यांनीं भाषा तपासली, ग्रंथाचा इतिहास तपासला, आणि त्यांतील रुक्म, शकुन, सुंदर व त्रिपुर या विमानांच्या आकृति मांडून गणित केलें. निष्कर्ष असा निघाला, कीं ग्रंथाची संस्कृत भाषा वैदिक नाहीं, अर्वाचीन आहे. ग्रंथ १९०४ च्या पूर्वीचा असूं शकत नाहीं. त्यांतील आकृति बंगळूरच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयांतील आरेखकाच्या हातच्या आहेत. आणि त्यांतील एकहि विमान उडण्यासारखें नाहीं. शास्त्रीबुवांच्या मार्गदर्शनाखालीं तळपद्यांनीं कांहीं नमुने बांधले, पण ते उडवितां आले नाहींत, असाहि उल्लेख त्या निबंधांत आहे.

म्हणजे १९७४ सालींच उत्तर मिळालें होतें. तरीहि २०१५ च्या जानेवारींत मुंबई विद्यापीठांत भरलेल्या भारतीय विज्ञान परिषदेंत प्राचीन विमानविद्येवर एक निबंध वाचला गेला, त्यावर देशभर वाद माजला, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस तळपद्यांच्या कथेवर बेतलेला 'हवाईजादा' हा हिंदी चित्रपट पडद्यावर आला. चित्रपटानें कल्पना लढविल्या तर तो त्याचा हक्कच आहे. परंतु त्यानंतर चित्रपटांतील दृश्य आणि इतिहास यांमधील भिंत पुष्कळांच्या मनांत पडली. निबंध पांच विद्वानांनीं लिहिला होता आणि तो शोधून वाचावा लागे. मजकूर कोणी लिहिला हें कोणासहि ठाऊक नव्हतें, आणि तो शोधावा लागत नसे, तो आपणहून घरीं येई. सत्याला आपण बोलवावें लागतें आणि गप्पा न बोलावतां येतात, ही तक्रार जुनी आहे. इंटरनेटनें फक्त गप्पांच्या पायांना चाकें लाविलीं.

येथें एक सरळ शंका येईल. "असेना का खोटें! चार लोकांना अभिमान वाटला तर कोणाचें काय बिघडलें?" ही शंका मी हलकी मानीत नाहीं. पण तिचें उत्तर विमानांत नाहीं, तें ज्या वाटेनें ही कथा आली त्या वाटेंत आहे. गोड गोष्ट तपासल्याविना स्वीकारावयाची आणि पुढें धाडावयाची संवय जडली, म्हणजे भीतीची गोष्ट आली असतांना तीच संवय हात धरते. २०१८ च्या पावसाळ्याच्या तोंडाशीं देशांत अनेक ठिकाणीं मोबाईलवरून एक मजकूर फिरूं लागला: मुलें पळविणारी टोळी आली आहे. १ जुलै २०१८ रोजीं, रविवारीं, धुळें जिल्ह्यांतील साक्री तालुक्यांत राईनपाडा या खेड्यांत नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पांच जण भिक्षेसाठीं फिरत आले होते. त्यांना टोळीचे लोक समजून जमावानें कोंडलें आणि पांचहि जणांचा जीव घेतला. त्यांत कोणी टोळीचा नव्हता. मारणारांपैकीं पुष्कळांची त्या दिवशीं खरोखरच समजूत असेल, कीं आपण मुलांचें रक्षण करीत आहों.

चौपाटीची कथा आणि राईनपाड्याची अफवा यांत फळाचें अंतर जमीन-अस्मानाचें आहे, हें मी जाणतों. परंतु रोपाची जात एक आहे. दोहोंत लिहिणाऱ्याचें नांव नाहीं. दोहोंत तारीख-ठिकाण मोघम. दोहोंत मनाला आधींच जें वाटत असतें तेंच सांगितलेलें. आणि दोन्ही आपल्याकडे येतात ते आपल्या माणसाच्या हातून: काकांकडून, आत्याबाईंकडून, जुन्या वर्गमित्राकडून. मजकुराचा लेखक अनोळखी असतो, पण तो हातीं देणारा ओळखीचा असतो. आणि आपण देणाऱ्यावरील विश्वास नकळत मजकुरावर ठेवून मोकळे होतों. राईनपाड्यानंतर त्याच महिन्यांत व्हॉट्सॲपनें भारतांत एक मजकूर एका वेळीं पांचांहून अधिक ठिकाणीं पुढें धाडतां येऊं नये अशी मर्यादा घातली. धाडलेल्या मजकुरावर तशी खूण दिसूं लागली. आणि २०२० सालीं, फार फिरलेला मजकूर एका वेळीं एकाच ठिकाणीं धाडतां येईल असा नियम झाला. या मर्यादा उपयोगी आहेत. पण यंत्र पाय बांधूं शकतें. विवेक देऊं शकत नाहीं. तो घरांतच पेरावा लागतो.

घरांत हें करावयाचें कसें? वडीलधाऱ्यांना सर्वांदेखत "हें खोटें आहे" असें फटकन् म्हणणें आपल्या रीतीला धरून नाहीं, आणि त्याचा उपयोगहि होत नाहीं. माणूस मजकुराचा कैवार सोडून आपल्या मानाचा कैवार घेऊं लागतो. त्यापेक्षां काकांना वेगळें गांठून विचारावें, "काका, हें फार चांगलें आहे. तो 'केसरी'चा अंक कोणत्या तारखेचा, हें आपल्याला ठाऊक आहे का? मला वाचावयाचा आहे." या प्रश्नांत उद्धटपणा नाहीं, उलट काकांच्या ज्ञानाला दिलेला मान आहे. तारीख सांपडली तर आपलें ज्ञान वाढलें. न सांपडली तर काकांनाच शंका येईल, आणि माणसाला स्वतःची शंका दुसऱ्याच्या उत्तरापेक्षां अधिक पटते. दुसरें असें, कीं अज्ञात मजकूर पुढें न धाडणें हें मौनहि एक कर्तव्य आहे. पूर्वी पत्र लिहावयास बसलें म्हणजे शाई, कागद, टपालहंशील यांत विचाराला वेळ मिळे. आतां तो वेळ आपणच काढावयास हवा.

आणि अभिमानाचें काय? तो उपाशी ठेवावा असें मी मुळींच म्हणत नाहीं. त्याला सकस अन्न घालावें. आपल्याच काळांतील एक मराठी वैमानिक, कॅप्टन अमोल यादव, यांनीं मुंबईंत कांदिवलीच्या चारकोप भागांत, आपल्या राहत्या इमारतीच्या गच्चीवर, सहा आसनांचें विमान बांधलें. त्यापूर्वीचे त्यांचे दोन प्रयत्न तडीस गेले नव्हते. २०१६ च्या फेब्रुवारींत तें विमान मुंबईच्या प्रदर्शनांत लोकांनीं पाहिलें. २०१७ च्या नोव्हेंबरांत सरकारी नोंदवहींत त्याला व्हीटी-एनएमडी ही ओळख मिळाली. २०१९ च्या ऑक्टोबरांत उड्डाणाची परवानगी मिळाली. आणि २०२० च्या ऑगस्टांत धुळ्याच्या धावपट्टीवरून तें आकाशांत चढलें. प्रत्येक पायरीला तारीख आहे, कागद आहे, साक्षीदार आहेत. वर्षानुवर्षांचे हेलपाटे आहेत. ज्या जिल्ह्यांत दोन वर्षांपूर्वी एका निराधार वार्तेनें पांच जीव घेतले होते, त्याच जिल्ह्याच्या आकाशांत हें विमान उडालें. ही गोष्ट कोणी दडपली नाहीं, तरीहि चौपाटीच्या कथेच्या मानानें ती फार थोड्या घरांत पोंचली आहे. तळपद्यांच्या विमानाला एका क्षणांत १५०० फूट चढवितां येतें, कारण त्याला वजन नाहीं. गच्चीवरच्या विमानाला नियमांच्या, पैशाच्या आणि गुरुत्वाकर्षणाच्या ओझ्यासह चढावें लागलें. खऱ्या पराक्रमाला नेहमीं वजन असतें.

तळपद्यांनाहि या दृष्टीनें आपण न्याय देऊं शकतों. उड्डाणाची दंतकथा बाजूस सारली म्हणजे तेथें एक जिज्ञासु मराठी माणूस उरतो. त्यानें काय वाचलें, कोणतीं यंत्रें बांधलीं, तीं कां उडालीं नाहींत, पैसा कोठून आणला, कोणी हेटाळणी केली आणि कोणी पाठ थोपटली, यांचा शोध जुन्या दफ्तरांतून कोणा तरुण अभ्यासकानें घ्यावा. अपयशी प्रयोगाचा खरा इतिहास हा यशाच्या खोट्या इतिहासापेक्षां राष्ट्राच्या अधिक उपयोगाचा असतो. कारण पहिल्यापासून पुढच्या प्रयोगाला सुरुवात करतां येते, दुसऱ्यापासून फक्त भाषणाला.

गारगोटीला ही शिकवण परकी नाहीं. १९४२ च्या डिसेंबरांत येथील कचेरी व खजिन्यावर चालून गेलेल्या क्रांतिकारकांपैकीं सात जण हुतात्मे झाले. त्यांची संख्या कोणी सातशें केलेली नाहीं. करण्याची गरजहि नाहीं. सात ही संख्या आणि ती खरी असणें, एवढ्यानेंच मस्तक नम्र होतें. पुढें दहा वर्षांनीं, १९५२ सालीं, डॉ. जे. पी. नाईक यांनीं याच गांवीं मौनी विद्यापीठाची स्थापना केली, तीहि खेड्यांतील मुलाला शहाणें करण्यासाठीं. त्याला मोठमोठ्या गोष्टी ऐकवून खुष करण्यासाठीं नव्हे. पाटगांवच्या ज्या मौनी महाराजांचें नांव त्या विद्यापीठाला दिलें, त्यांच्या नांवांतच मौन आहे. हातांतील यंत्र दर क्षणाला "बोल, धाड, सांग" असें डिवचीत असतांना त्या शब्दाचा अर्थ नव्यानें समजून घेण्यासारखा आहे.

तात्पर्य इतकेंच, श्रोतेहो. एकाच हातांत आज दोन्ही आहेत: ज्याची सत्यता मान वर करून पाहतां येते तो नकाशा, आणि मान खालीं घालून वाचावयाचा, तपासावयाचा नाहीं असा मजकूर. मुलांना दोन्ही दाखवावे. विमान वरून जात असेल तेव्हां त्यांच्याबरोबर अंगणांत यावें, त्याचें नांव वाचावें, तें खरोखर तेथें आहे कीं नाहीं हें त्यांनाच पाहूं द्यावें. मग चौपाटीचा मजकूर आला म्हणजे तींच मुलें आपल्याला विचारतील, "हें कोणीं पाहिलें?" तो प्रश्न ऐकून रागावूं नये. त्यांच्या वाढत्या बुद्धीची ती खूण आहे.